‘शंभर टक्के बसणार’ म्हणे!

चाकं विकणाऱ्या वेबसाइटवर साल, कंपनी, मॉडेल या तीन खिडक्या भरा की खाली हिरवी खूण येते: ‘तुमच्या गाडीला शंभर टक्के बसणार’. अरे कशाच्या जोरावर? साठ वर्षांच्या गाडीचं नुसतं साल विचारून तुम्ही चाकं विकता?

माझी फोर्ड मस्टँग १९६६ची. राहतो मिशिगनमध्ये, जिथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर असल्या जुन्या गाड्यांची रांग संपता संपत नाही. म्हणजे माहीतगार माणसांचा दुष्काळ नाही. तर ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा सहा सिलिंडरची होती, म्हणून चाकाला चार स्टड, म्हणजे नट आवळायचे बोल्ट. त्याच वर्षीच्या आठ सिलिंडरच्या व्ही-एटला पाच! साल तेच, कंपनी तीच, मॉडेल तेच आणि चाक मात्र वेगळं. पुढे मधल्या कुठल्यातरी मालकाने हिच्यात व्ही-एट टाकलं, मागचा अ‍ॅक्सल बदलला, पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले. डिस्कच्या कित्येक किटमध्ये चाक मुळापेक्षा बाहेर सरकतं, आणि डिस्क मोठी असेल तर १४ इंची जुनं चाक कॅलिपरवरून, म्हणजे ब्रेकच्या पकडीवरून, जातच नाही. यातलं एक अक्षर तरी त्या तीन खिडक्यांत विचारतात का? नाही. हिरवी खूण तयारच.

आणि पाच स्टड जुळले म्हणून हुरळून जायचं कारण नाही. पाच स्टडच्या जुन्या मस्टँगला स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. शेव्हरोलेच्या जुन्या कॅमॅरो-शेवेलचा पावणेपाच, म्हणजे १२०.६५. जुन्या डॉज डार्ट किंवा प्लिमथ व्हॅलियंटला ड्रम असतील तर चक्क चार इंच. मग एखादा दीडशहाणा बीएमडब्ल्यूची १२०ची चाकं कॅमॅरोच्या गळ्यात मारतो, ‘अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय!’ म्हणून. होतं काय, तर नट मधोमध बसत नाही आणि स्टड कायम एका अंगाला ओढला जातो. डॉज चॅलेंजरचं तर बघा: १९७०च्या गाडीला ११४.३ आणि २००८नंतरच्या नव्या चॅलेंजरला ११५. नाव एकच, डोळ्यांना फरक दिसणार नाही, आणि विकणारा म्हणणार, ‘चॅलेंजरचीच आहेत, साहेब!’

नटांचं वेगळंच. काहींना शंकूसारखी बैठक, काहींना सरळ दांडा आणि खाली वॉशर. साठच्या दशकातल्या क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटेच उलटे. टायरच्या दुकानातलं पोरगं एअर गन लावून ते ‘सैल’ करायला जातं आणि स्टड मोडून ठेवतं. असो.

खरं घोडं पेंड खातं ते बॅकस्पेसिंगपाशी. चाक हबला, म्हणजे ज्या मधल्या भागावर ते बसतं त्याला, जिथे टेकतं, तिथपासून रिमच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर. बस, एवढंच. एक सरळ पट्टी आणि एक टेप, दोन मिनिटांचं काम. चाक आत स्प्रिंगला लागणार की बाहेर मडगार्डला घासणार, हे त्या एका आकड्यावर ठरतं. आणि नेमका तोच आकडा पानावर नसतो! क्रोमची चमक आहे, सूर्यास्ताचा फोटो आहे, बॅकस्पेसिंग नाही. कुणी दिलंच तर ऑफसेट देतो, म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकायच्या जागेचं अंतर, तोही मिलिमीटरमध्ये. मग बसा गणित करत. त्यातही मेख अशी की ८ इंची चाक म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथे ८ इंच. काठापासून काठापर्यंत ते जवळपास ९ भरतं. म्हणून शून्य ऑफसेटला बॅकस्पेसिंग चार नाही, साडेचार. नव्या मस्टँगची १७ बाय ८ची (१७ इंच व्यास, ८ इंच रुंदी) चाकं, ऑफसेट अधिक ४५ वगैरे, जुन्या गाडीच्या पाच स्टडवर सुखाने चढतात, कारण वर्तुळ तेच साडेचार. पण बॅकस्पेसिंग सव्वासहा! जुन्या गाडीला हवं असतं सव्वाचार ते पावणेपाच. म्हणजे दीड-दोन इंच आत घुसलं चाक.

मी त्या वेबसाइटवाल्यांना फोन केला होता. ऑर्डर देण्याआधी. साधा प्रश्न विचारला, १७ बाय ८चं बॅकस्पेसिंग किती? पलीकडचा गोड आवाजात म्हणतो, ‘काळजी करू नका, ६४ ते ७३ सगळ्या मस्टँगना बसतं.’ अहो, ६७ला फोर्डने ती गाडी रुंद केली, मागचा अ‍ॅक्सल लांबला, आणि तुम्ही सगळ्यांना एकाच चाकात कोंबता? पुन्हा विचारलं. पुन्हा तेच पोपटासारखं, ‘सिस्टीममध्ये फिट दाखवतंय.’ मोजून सांगा म्हटलं तर माल म्हणे दुसऱ्या राज्यातल्या गोदामात.

आली चाकं. टॉर्क थ्रस्ट या नावाजलेल्या जुन्या चाकांच्या वळणाची, पाच आऱ्यांची, दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू. पट्टी लावली: बॅकस्पेसिंग चार इंच. मागे पाऊण इंच जास्तच बाहेर. उजवीकडे टायर मडगार्डच्या कडेला टेकतो. डावीकडे कसाबसा सुटतो, कारण त्या काळच्या बॉड्या दोन्ही बाजूंना सारख्या भरतच नाहीत. रिकाम्या गाडीची ही गत, मग मागे दोन माणसं बसली की काय?

परत पाठवतो म्हटलं. तर नियम ऐका: टायर चढवलेलं चाक परत घेत नाही. आणि चाक-टायरचं पॅकेज येतं तेच टायर चढवून, बॅलन्स करून! म्हणजे बसवून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि बघायची वेळ येते तोवर परतीचं दार बंद. हा नियम ज्याने काढला त्याला साष्टांग नमस्कार.

यावर त्यांचा उपाय काय, तर ‘मडगार्डची कड आतून दुमडून घ्या, सगळेच घेतात.’ माप तुम्ही सांगितलं नाही, चाक तुमचं चुकीचं, आणि ठोकायचा माझ्या गाडीचा ६६चा मूळ पत्रा? हातोडा घेऊन तुम्हीच या म्हणावं. गॅरेजचं दार उघडंच ठेवलंय, बघू कोण हात लावतो ते!