टीडीएस कमी म्हणजे पाणी रसायनमुक्त? हा मेसेज चुकीचा आहे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतंय : ‘बोअरच्या पाण्याचा टीडीएस ३००च्या आत असेल, तर शिसं, कीटकनाशकं काहीच नाही, लॅबची गरज नाही.’ हे खरं नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि ठरावीक गुणक लावून आकडा दाखवतो. त्यात दिसतात मुख्यतः कॅल्शियम, सोडियम, क्लोराइडसारखे क्षार. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५००प्रमाणे शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. घरगुती मीटर १-१ मिलिग्रॅमने सरकतो. शिसं मर्यादेच्या दहापट झालं तरी आकडा हलणार नाही. बहुतेक कीटकनाशकांचा तर वाहकतेवर परिणामच होत नाही.

तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबमधूनच करा. हवे ते घटक नावानिशी सांगा, नाहीतर पीएच, कठीणपणा, क्षार एवढ्यावरच भागवलं जातं. पंप थोडा वेळ चालू ठेवून मग नमुना घ्या. धातूंसाठी लॅबनं दिलेल्या बाटलीत बहुधा नायट्रिक अ‍ॅसिड असतं. ती विसळू नका, हाताला लागू देऊ नका. अ‍ॅसिड नसेल तर शिसं बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटू शकतं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो. इथे फसगत होऊ शकते. कीटकनाशकांसाठी तपकिरी काचेची बाटली, बर्फात ठेवून.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.