टी-कनेक्टर लावला म्हणून अँटेना सर्क्युलर होत नाही

उपग्रह ऐकू पाहणाऱ्या नव्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींत सर्क्युलर, म्हणजे लहर गोल फिरवत सोडणाऱ्या, अँटेनाची एक कृती हातोहात फिरते आहे. दोन यागी (जुन्या टीव्हीसारख्या सळ्यांच्या अँटेना) एकाच बूमवर (मधल्या दांड्यावर) काटकोनात बसवा, 75 ला मेगाहर्ट्झने भागून येईल तितक्या मीटरचा कुठल्याही कोॲक्स केबलचा तुकडा कापा, टी-कनेक्टरने (एका केबलच्या दोन वाटा करणाऱ्या जोडाने) तो एका यागीच्या वाटेत घाला. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप, 1 म्हणजे उत्तम) चांगला आला की काम झालं, फिरकी, म्हणजे लहरीची गोल फिरण्याची दिशा, उजवी की डावी ते बघायला नको. यातला काटकोन तेवढा बरोबर आहे.

आधी लांबी. तुकड्यामुळे एका यागीची लहर पाव तरंगलांबीने, म्हणजे 90 अंश, मागे पडायला हवी; तरच लहर गोल फिरते. 145.9 मेगाहर्ट्झला (आपल्या हॅमसॅट या हॅम उपग्रहाचा डाउनलिंक, म्हणजे खाली येणारा सिग्नल, इथेच होता) हे सूत्र 51.4 सेंटिमीटर देतं. ती झाली हवेतली पाव तरंगलांबी. आरजी-58 सारख्या भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये लहरीचा वेग प्रकाशाच्या 66 टक्के, म्हणून तुकडा 33.9 सेंटिमीटरचा हवा. 51.4 चा ठेवला तर फेजचा (लहर मागे पडण्याचा) फरक 90 ऐवजी 136 अंश होतो आणि गिरकी घेणाऱ्या उपग्रहाचा सिग्नल 8 डेसिबलपर्यंत खालीवर होतो. फोमच्या केबलचा हा वेगाचा गुणक आणखी वेगळा. तुकडा थोडा लांब कापा, टोक उघडं ठेवा आणि अँटेना ॲनालायझरवर इम्पिडन्स (ओहममधला विद्युत विरोध) जवळजवळ शून्य दिसेपर्यंत मिलिमीटर-मिलिमीटरने छाटा.

‘कुठलीही’ कोॲक्सही चालत नाही. यागी 50 ओहमची असताना 75 ओहमचा तुकडा घातला, तर ती वाट टी-पाशी 112.5 ओहमची दिसते. शक्तीची वाटणी अर्धी-अर्धी व्हायच्या ऐवजी 69-31 होते. फेजिंगचा, म्हणजे 90 अंश मागे टाकणारा, तुकडा 50 ओहमचाच हवा. मग दोन्ही वाटा मिळून 25 ओहम होतात, म्हणून दोन्हींत 75 ओहमचा एकेक पाव-तरंग तुकडा घालायचा. टी-पाशी 56 ओहम मिळतात, 50 च्या जवळ, ते ठीक.

सगळ्यात घातक समजूत एसडब्ल्यूआरची. समजा अशा नीट जोडणीतही दोन्ही यागी बिघडून 100 ओहमच्या झाल्या. साध्या वाटेने टी-पाशी 56 ओहम दिसतात, फेजिंगच्या वाटेने 225. एकत्र 45. मीटर 1.1 दाखवतो, आणि शक्ती मात्र 80-20 वाटली गेलेली असते! पाव तरंगाचा तुकडा एका यागीचा दोष दुसरीच्या दोषाने झाकतो. म्हणून प्रत्येक यागी आधी एकटी मोजा. जोडल्यावर काही मीटर दूर, अँटेनाच्या समोर, एक डायपोल (साधी दोन सळ्यांची अँटेना) गोल फिरवून सिग्नल किती हलतो ते बघा. एक-दोन डेसिबलच हलला तर अँटेना खरंच सर्क्युलर आहे.

फिरकीचं थोडक्यात: उपग्रह सर्क्युलर असेल आणि तुमची फिरकी उलटी, तर 20 डेसिबल सहज जातात. एका यागीच्या ड्रिव्हन एलिमेंटची (केबल जोडलेल्या सळीची) जोडणी उलटी केली की ती बदलते.