आजारी पडा, पण धर्म घरी ठेवून या

सोलापुरात दवाखान्यात भरती व्हायचा योग असेल, तर रिपोर्टांची पिशवी आणा आणि धर्म घरीच ठेवा.

भरतीच्या फॉर्मवर पथ्याचा रकाना असतो, तो मात्र मन लावून भरा. 'जैन, कांदा-लसूण-बटाटा नाही, दिवस मावळल्यावर खात नाही' असं सुवाच्य लिहा. कागद फायलीत जातो. स्वयंपाकघर तळमजल्यावर आहे, फाईल तिथं उतरत नाही.

लिंगायत असाल, तर अंड्याच्या रश्श्यातला डाव तुमच्या वरणात बुडताना डोळे मिटा.

रोजा ठेवणार असाल, तर 'आजाऱ्याला माफ असतो' हे अख्ख्या वॉर्डकडून ऐकून घ्या. माफ असतोच. पण ठेवणाराच असाल, तर गोळ्यांच्या वेळा कशा लावायच्या, ते कोणी सांगणार नाही.

एकादशीला साबुदाणा मागू नका. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात आहे, वॉर्डात नाही.

आणि डायबेटिस असेल, तर जेवण आलं नाही तरी इन्सुलिन वेळेवर घ्या! माझ्या आईनं गेल्या आठवड्यात घेतलं. साडेसातला सुई, आठला ताट. ताटात बटाट्याची भाजी आणि कांद्याची आमटी, बाहेर मिट्ट अंधार. तिनं हातही लावला नाही. ताट भरलेलंच परत गेलं आणि चार्टवर आलं, 'जेवण दिले.' दहाच्या सुमारास तिला दरदरून घाम, हात थरथरतायत, मला माझ्या मामाच्या नावानं हाक मारतेय. सत्तरच्या खाली गेली की कमी म्हणतात, तिची शुगर चोपन्न! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती भानावर आली. वर ऐकायला काय मिळालं? 'आजी फार हट्टी आहेत हो.'

हट्टी? संध्याकाळी साडेपाचला एक ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी, त्याआधी डॉक्टरांना विचारून इन्सुलिन. एवढंच हवं होतं. सिस्टरांवर मी ओरडलो नाही, एकटीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड बांधलाय. पण ज्यांनी बांधलाय आणि ज्यांनी जेवणाचा ठेका दिलाय, त्यांना लाज वाटायला हवी. रिसेप्शनवर दवाखान्यांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं प्रमाणपत्र मिरवता ना? रुग्णाच्या धार्मिक-सांस्कृतिक गरजांचा मान राखायचा, हे त्याच्याच निकषांत आहे. वाचा एकदा. इन्सुलिन टोचण्याआधी 'आता जेवणार का?' एवढं विचारा. आणि ताट भरलेलं परत आलं, तर चार्टवर 'खाल्लं नाही' लिहा आणि त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करा.