फराक्काचा अंदाज चुकला, म्हणून?

नमस्कार.

नदीचा तळ पुढे कुठे सरकेल याचा अंदाज गणितानं बांधावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं असं: कोलकात्याच्या हुगळी नदीत पायलट, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारे जाणकार, पिढ्यान् पिढ्या नजरेच्या जोरावर जहाजं नेत आले, कोकणातला तांडेलही, म्हणजे नौकेचा प्रमुखही, खाडीचं मुख नजरेनंच ओळखतो, मग तळ उद्या कुठे सरकेल याचं गणित मांडण्यावर पैसा कशाला? गाळ दिसला की काढावा. आणि तज्ज्ञांचे अंदाज किती खरे ठरतात ते बंगालमध्ये गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यात दिसलंच.

फराक्काबद्दल तुमचा राग रास्त आहे. ४०,००० क्युसेक पाणी हुगळीकडे वळवून गाळ समुद्रात लोटायचा, यासाठी १९७५ साली तो बंधारा सुरू झाला. आज ५० वर्षांनीही हुगळीच्या मुखाजवळच्या हल्दिया बंदराची वाट ड्रेजरशिवाय, म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजाशिवाय, उघडी राहत नाही. पण बंगालचेच अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी बंधारा होण्याआधीच धोक्याची सूचना दिली होती. म्हणजे अंदाज दोन होते, त्यातला नकोसा बाजूला सारला गेला. शिवाय एकदा काँक्रीट ओतल्यावर तो अंदाज दुरुस्त करायची सोयच उरली नाही. मी लिहिलं ते याहून वेगळं आहे. आज मोजलेली खोली, भरती-ओहोटी आणि वरून येणारं पाणी यांवरून पुढच्या पंधरवड्यातला तळ सांगायचा, पंधरवड्यानं पुन्हा मोजायचं आणि जितकं चुकलं तितकं गणित सुधारायचं.

‘दिसला की काढावा’ हे मात्र हुगळीत चालत नाही. तिथे भरती थोड्या वेळात जोरानं चढते, ओहोटी रेंगाळत उतरते. चढत्या पाण्यानं वर आणलेली माती सगळीच्या सगळी परत न्यायचं बळ उतरत्या पाण्यात नसतं. पावसाळ्यात वरचं पाणी वाढलं की ते बळ येतं. त्यात खारं पाणी लागलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. काढलेला गाळ चुकीच्या जागी टाकला, तर भरती तो परत आणून ठेवते. कुठून काढायचा, कधी काढायचा, कुठे टाकायचा, हे आधी कळायला नको? संगणक नव्हते तेव्हा आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्या-बंदरांच्या प्रतिकृती बांधून, त्यात पाणी खेळवून हेच शोधत.

राहिली नजर. माझे मामा रत्नागिरीला तांडेल होते. पावसाळ्यानंतर नौका बाहेर काढण्याआधी ते लहान होडीतून भाट्याच्या खाडीच्या मुखाशी जात, काठीनं तळ चाचपत आणि सांगत, “यंदा पूर मोठा होता, वाळू पलीकडे गेली असणार.” तुम्ही याला नजर म्हणता. मला तो अंदाजच वाटतो, मोजून बांधलेला. मामा गेले आणि ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं. कुणीच काही लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्या मुखाशी वाळूत रुतून पुढेही नौका उलटल्या.

एक चूक माझी. ‘अशा गणितामुळे पायलटची गरज कमी होईल’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते काढलं आहे. त्याजागी आता असं आहे: खोलीचा अंदाज पायलटच्या हाती द्यावा तो चुकण्याच्या शक्यतेसकट, नुसतं ‘७ मीटर’ नाही, तर ‘साडेसहा ते साडेसात’. जहाजाच्या तळाखाली किती पाणी राखायचं ते तो ठरवील.