सुटून आला की सुरतला पाठवायचं?

आमच्याकडे खानदेशात जेलमधून सुटून आलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला असतो. सुरतला जा. उधना, लिंबायत, सचिन, तिथल्या कुठल्या तरी भागात कुणीतरी भाऊबंद असतोच. कापडाच्या लूमवर कुणी विचारत नाही की तू आधी कुठं होतास. कायद्याने तडीपार करायचं तर पोलीस अधीक्षक नाहीतर प्रांताधिकारी लागतात, नोटीस लागते, सुनावणी लागते. आमच्या पारावर बिडी विझायच्या आत हुकूम निघतो.

मला हे पटत नाही. माणूस चांगला असतो म्हणून नव्हे. कधी असतो, कधी नसतो. पण त्याचं घर इथं आहे, बायको-पोरं इथं आहेत, बिघाभर का होईना शेत इथं आहे. आज ना उद्या तो परत येणारच. मग तो आल्यावर पहिलं वर्ष कुणी सांभाळायचं, याचं उत्तर गावाकडे नको का?

आधी एक गोष्ट. जेलमधून येतो तो प्रत्येक जण शिक्षा भोगून येतो, असा लोकांचा समज आहे. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा निकालच लागलेला नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा कारागृहांत मुख्यतः हेच लोक. पक्की मोठी शिक्षा झाली की माणूस नाशिकरोडला नाहीतर हर्सूलला जातो. कच्च्या कैद्यांतले कित्येक तर जामीन मंजूर होऊनही आत बसून असतात, कारण जामीनदार मिळत नाही. कोर्ट सातबारावाला माणूस मागतं आणि पारध्याच्या किंवा भिलाच्या पोरासाठी आपला सातबारा कोण काढून देतो? सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे माणूस अडकत असेल तर ती अट घालू नये. त्याच वर्षी केंद्राची योजनाही आली. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरली होती. आमच्या पंचक्रोशीत हे ठाऊक असलेला एक सरपंच भेटला तर मी त्याला चहा पाजीन. (१५१०० हा विधी सेवेचा फुकटचा नंबर आहे. लिहून ठेवा, कधी कुणाला लागेल सांगता येत नाही.)

आता शिक्षा भोगून आलेल्याचं बघू. आमच्या ओळखीत एक जण आहे. बांधावरून भाऊबंदकीत काठ्या निघाल्या, समोरचा माणूस गेला. हा बरीच वर्षं नाशिकरोडला होता. आला तेव्हा रेशन कार्डातून नाव गेलेलं. बँकेत गेला तर केवायसी नाही म्हणून खातं बंद. केवायसीसाठी आधार, आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीच दुसऱ्या कुणाला गेलेला, ओटीपी कुठल्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजत होता देव जाणे. सातबाऱ्यावर नाव होतं, पण भावाने मधल्या काळात वहिवाट स्वतःकडे घेतलेली, ई-पीक पाहणीही त्याच्याच मोबाईलवरून. सेतूत, तलाठ्याकडे, बँकेत, प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न, "इतकी वर्षं कुठं होते?" आणि मागे रांग ऐकतेय. तिसऱ्या खिडकीनंतर त्याने कागद काढायचंच सोडून दिलं. माझ्या दुकानावर येऊन म्हणाला, "भाऊ, गावमा ऱ्हाऊ का सुरतले जाऊ?"

घरातलंही कुणी बोलत नाही. बायकोने इतकी वर्षं कापूस वेचून घर चालवलं. किराणाची उधारी तिच्या नावावर, पोराच्या शाळेत सही तिची, आणि एक दिवस मालक परत आले. त्याला वाटतं आपलं घर, तिला वाटतं आता प्रत्येक गोष्ट याला विचारायची का. त्या वहिनीशी गावातल्या कुणी बाईमाणसाने जाऊन दोन शब्द बोलावे, एवढंही आपल्याला सुचत नाही.

सगळ्यात अवघड मात्र वेगळंच. ज्यांचा माणूस गेला त्यांचं घर त्याच्या घरापासून तीन घरं सोडून. शहरात माणूस गर्दीत हरवतो. इथं पाण्याचा नळ एक, पिठाची गिरणी एक, पोळ्याला बैल फिरवायची वेसही एकच. त्या घरातल्या म्हातारीने सकाळी दार उघडून त्याचं तोंड बघायचं, हे आपण तिच्यावर न विचारता लादतो. गंमत बघा, कैदी संचित रजेवर, म्हणजे फर्लोवर, काही दिवस येणार असेल तर पोलीस गावात चौकशी करतात, पोलीस पाटलाला विचारतात. तोच माणूस शिक्षा संपवून कायमचा येतो तेव्हा कुणी कुणाला विचारत नाही. त्या घराला निदान महिनाभर आधी कळवा. दोन जाणत्यांनी जाऊन बसा. त्यांनी माफ करावं ही अपेक्षाच चुकीची आहे. कोण कोणत्या रस्त्याने शेतात जाईल, लग्नकार्यात कोण कुठं बसेल, एवढं ठरलं तरी पुढची मारामारी टळते.

हे काम कुणाचं? १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं मिळाली, वेशीवर पाट्या रंगवल्या. बऱ्याच गावांत आता पाटीचा रंग उडालाय आणि अध्यक्षपद लग्नपत्रिकेत छापण्यापुरतं उरलंय. समितीत सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक सगळे असतात, म्हणजे वरचे निम्मे कागद ज्यांच्या हातात आहेत तेच लोक. सुटून आलेल्यासोबत समितीचा एक माणूस सेतूत उभा राहिला तर खिडकीवरचा तो प्रश्न कुणी विचारणार नाही. महिला व बाल विकास खात्याचा परिविक्षा अधिकारी जिल्ह्याला असतो, मुक्त बंद्यांना मदत करणं त्याच्या कामात येतं. त्याला गाव शोधत येण्याची वाट का बघायची, आपण एक फोन करावा.

आणि काम. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतगड्यांचं साल ठरतं, जुने सालदार सुटतात, नवे लागतात. त्या दिवशी चार बागायतदारांनी ठरवलं तर एक माणूस खपतो. भीती असते, मान्य. विहिरीवरची मोटार चोरीला गेली की पहिला संशय त्याच्यावर. म्हणून समितीने मालकाला शब्द द्यायचा, आणि पोलीस ठाण्यात हजेरीला किंवा कोर्टात तारखेला जायचा दिवस खाडा धरायचा नाही. तेवढ्यासाठी काम सुटलेली माणसं मी पाहिली आहेत.

पारधी वस्तीतल्या पोरांचं तर आणखी वाईट. १८७१ च्या कायद्याने जमातच्या जमात गुन्हेगार ठरवली, १९५२ ला तो कायदा गेला, पण आजही तालुक्यात कुठं घरफोडी झाली की गाडी आधी त्यांच्याच झोपड्यांकडे वळते. तिथला पोरगा निर्दोष सुटून आला तरी कुणाच्या लेखी सुटलेला नसतो.

सगळ्यांनाच परत घ्या असं मी म्हणत नाही. लहान पोरीवर हात टाकलेल्याला त्याच गल्लीत आणून बसवू नका. त्याची सोय दुसरीकडे करावी, आणि त्याच्या घरच्यांनीही हट्ट धरू नये. हे बोलल्यावर "मग बाकीच्यांना कशाला?" असं कुणी विचारेल. बाकीच्यांत बांधावरून डोकी फुटलेले, दारूत हात उचललेले, मोटारसायकली उचललेले, आणि काहीच न केलेलेही आहेत. सगळ्यांना एकाच गोणीत भरायचं काय कारण?

१ मे च्या ग्रामसभेसाठी हा विषय मी लेखी दिलाय. सरपंच म्हणाले, "जिभाऊ, विषयपत्रिका भरलीय, ऐनवेळच्या विषयांत घेऊ." चालेल. त्या वेळेपर्यंत निम्मी सभा उठून गेलेली असते, म्हणून शेजारच्या चार गावांतल्यांनीही आपापल्या ग्रामपंचायतीत असाच अर्ज टाकावा, मजकूर मी पाठवतो.