बर्गर्स समीकरण आणि आघात-तरंगाचा वेग : एक खुलासा

नागपुरातील एम.एस्सी. गणिताच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक टिपण फिरते आहे. विष्यंदिता (प्रवाही पदार्थातील अंतर्गत घर्षण) नसलेल्या बर्गर्स समीकरणाला, म्हणजे लाट पुढे सरकताना कशी उभट होत जाते हे सांगणाऱ्या सोप्या समीकरणाला, त्यातील अज्ञात फलानेच गुणले तरी समीकरण तेच राहते, म्हणून आघात-तरंगाचा, म्हणजे उकलीचे मूल्य जिथे एकदम तुटते त्या सरकत्या जागेचा, वेग कोणत्याही रूपावरून काढावा, असे त्यात म्हटले आहे. यातील पहिले विधान उकल सलग असेतोवरच खरे आहे. दुसरे सरळ चुकीचे आहे.

आघाताच्या डावीकडे मूल्य १ आणि उजवीकडे ० घेऊन पडताळून पाहावे. मूळ रूपात राशी (ज्याची बेरीज जपली जाते ती) म्हणजे ते फलच आणि प्रवाह (ती राशी एखाद्या बिंदूतून पुढे जाण्याचा दर) म्हणजे त्याच्या वर्गाचा निम्मा भाग. प्रवाहातील फरकाला राशीतील फरकाने भागले की वेग १/२ येतो. गुणलेल्या रूपात मात्र राशी वर्गाच्या निम्मी व प्रवाह घनाच्या एकतृतीयांश असल्याने तोच वेग २/३ निघतो. दोन्ही रूपांना जोडणारा साखळी नियम, जिथे विकलजच नाही अशा तुटीच्या जागी, लागूच पडत नाही.

कोणते रूप घ्यायचे हे बीजगणित नव्हे, तर खरोखर अक्षय्य, म्हणजे एकूण न वाढणारी न घटणारी, राशी ठरवते. वर्धा रोडवरील कोंडीचे शेपूट किती वेगाने मागे सरकते हे काढताना गाड्यांची संख्याच मोजावी लागते, त्यांच्या वेगाचा वर्ग नव्हे. चूक हसण्यावारी नेण्याजोगी नाही, कारण १८६० मध्ये खुद्द जर्मन गणितज्ञ रीमान यांनी वायूतील आघात ओलांडताना एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) कायम धरली होती. तेथे ऊर्जेची अक्षय्यता धरावी लागते, हे पुढे स्कॉटिश अभियंता रँकिन आणि फ्रेंच संशोधक ह्युगोनियो यांच्या कामातून स्पष्ट झाले.