गायकाचा फोटो लहान करा

मराठी अल्बमची पेपरात जाहिरात आली की ती वाचायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. गायक, गायिका, संगीतकार, गीतकार, निर्माते, प्रायोजक, सगळ्यांचे गळ्यापर्यंतचे फोटो. खाली लोगोंची रांग. आणि अल्बमचं नाव? उरलेल्या जागेत. लग्नपत्रिकेत एखाद्या काकांचं नाव राहिलं तर वर्षभर अबोला, तसाच हा हिशोब. सगळ्यांचा मान राखला जातो, वाचणारा सोडून. आयुष्य लेआउट लावण्यात गेलंय, म्हणून जरा चिडून लिहितोय.

छापील जाहिरातीतून गाणं ऐकू येत नाही, हे आधी मान्य करू. तिच्या हातात एकच गोष्ट असते: एक चित्र डोक्यात बसवायचं. मग तेच चित्र दुकानात दिसलं, आता मोबाइलवर दिसलं, की माणूस म्हणतो, ‘अरे, हे ते!’ त्यामुळे कव्हर एक आणि जाहिरात भलतीच, हा प्रकार मला कधीच पटला नाही. 1940 मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सच्या ॲलेक्स स्टाइनवाइसने अल्बमवर खास चित्र काढून छापायला सुरुवात केली, तोवर रेकॉर्डचे संच बहुतेक साध्या, एकरंगी पुठ्ठ्यात विकले जायचे. कव्हरलाच पोस्टर करायचं, हे त्याचं डोकं.

माझा खरा जीव मात्र ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या कव्हरांवर आहे. रीड माइल्स या डिझायनरने 1956 ते 1967 या काळात तिथली शेकडो कव्हरं केली. गंमत म्हणजे त्याला जॅझची फारशी आवड नव्हती, तो शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत ऐकणारा. पैसे बेताचे, म्हणून पुष्कळ कव्हरं एक-दोन रंगांत उरकलेली. जॅकी मॅक्लीनचा ‘इट्स टाइम!’ शोधून बघा. जवळजवळ अख्खं कव्हर उद्गारचिन्हांनी भरलंय, ओळीवर ओळी, काळी ठसठशीत. आणि ज्याचा अल्बम आहे त्या मॅक्लीनचा फोटो? कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. आपल्याकडे असं कव्हर दाखवलं तर मीटिंग तिथेच संपेल. पण ते कव्हर दोन कॉलमांत, काळ्या-पांढऱ्यात, कसल्याही कागदावर छापा, ओळखू येणारच.

याचं कारण छपाईत आहे. फोटो छापायचा तर तो ठिपक्यांत फोडावा लागतो. चांगल्या मासिकाच्या कागदावर इंचाला 150 ओळींची, म्हणजे ठिपक्यांच्या 150 रांगांची, स्क्रीन चालते. वर्तमानपत्राला साधारण 85 ओळींवर भागवावं लागतं. त्यात न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, शाई पितो, ठिपका फुगतो, आणि गायकाच्या चेहऱ्यावरची ती नाजूक सावली म्हणजे नुसता डाग होतो. नुसत्या रेषेचं, भरीव काळ्या-पांढऱ्याचं काम या सगळ्यातून सहीसलामत बाहेर येतं. फोटो टाकायचाच तर एक टाका, मोठा टाका, आणि उजेड-अंधार स्पष्ट असलेला निवडा.

काळ्यावर पांढरी अक्षरं हा आमच्या क्लायंट मंडळींचा लाडका हट्ट. ‘रिच दिसतं’ म्हणे. इंग्रजीत एक वेळ निभावतं. देवनागरीत शाई फुटली की पहिला बळी अनुस्वाराचा, मग रफाराचा. ‘मंद’चा ‘मद’ झालेला मी पाहिलाय, आणि अल्बम भक्तिगीतांचा होता! असं रिव्हर्स, म्हणजे काळ्यावर पांढरं, करायचंच असेल तर अक्षर जाड घ्या, आकार वाढवा, बारीक शेपट्यांचा फॉन्ट टाळा.

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या 1979 च्या ‘अननोन प्लेझर्स’ या अल्बमलाही हेच लागू. पल्सार ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांचा आलेख एका खगोलशास्त्राच्या कोशात पांढऱ्यावर काळा छापलेला होता. पीटर सॅव्हिल या डिझायनरने तो उलटा करून काळ्यावर पांढरा केला. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. कव्हर म्हणून अप्रतिम. पण अशा बारीक पांढऱ्या रेषा न्यूजप्रिंटवर लहान करून छापायच्या तर त्या आधी जाड कराव्या लागतात, नाहीतर शाई त्या गिळते. कव्हरची फाइल जशीच्या तशी लहान केली की जाहिरात झाली, असं नसतं.

आणि हे शिकायला अमेरिका-इंग्लंडला जायची गरजही नव्हती. आपल्याच पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान होतं की! कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी लिहिली की नावाचं अक्षरच त्या नाटकाचा चेहरा झालं. जागा किती, तर एक-दोन कॉलम. रंग नाही, कागद तोच. तरी तारीख-वार वाचायच्या आधी लांबून कळायचं, कोणतं नाटक आहे ते. संगीतवाल्यांनी हे का उचललं नाही, मला खरंच कोडं आहे. आपल्याकडे सुलेखनाची हौस दांडगी आहे, पण अल्बमचं नाव अजूनही शेवटच्या क्षणी, फोटो बसवून झाल्यावर, हाताशी असलेल्या फॉन्टमध्ये टाकलं जातं.

आता नवीन भर क्यूआर कोडची. टाका, उपयोगाचा आहे, ऐकणारा थेट गाण्यावर जातो. पण तो कोपऱ्यात नखाएवढा, तोही गडद निळ्यावर लाल, असा छापू नका. पांढऱ्यावर काळा, भोवती पुरेशी मोकळी जागा. जागा कुठून आणू, असं विचारणाऱ्यांनी या पोस्टचं शीर्षक परत वाचावं.